सुटे पैसे

कोटाच्या डाव्या खिशात नाणी असायची माझ्या.
उजव्यात प्रार्थनेचं छोटं पुस्तक,
पण हात जायचा तो बहुतेक वेळा डावीकडेच.

थंडर बेच्या इस्पितळात, पार्किंगच्या फाटकापाशी
माणसं अडकायची.
लेकाचे बूट प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन निघालेला बाप
तिकीट यंत्रात सारायचा
आणि यंत्र सात डॉलर मागायचं.
मागे कुणीतरी हॉर्न वाजवायचं.
उणे तीसच्या थंडीत मी टोपीशिवाय धावायचो,
एकेक नाणं आत टाकायचो,
दांडा वर जायचा.
पाद्री होण्याच्या शाळेत हे कुणी शिकवलं नव्हतं.

इर्या लेह्टिनन आली तेव्हा तिच्या हाताला
राईच्या पावाचं पीठ होतं.
नवरा स्नोमोबाइलसकट तळ्याच्या बर्फाखाली गेलेला.
ती एवढंच म्हणत राहिली,
त्याचे मोजे ओले असतील, बदला.
नर्सनं माझ्याकडे पाहिलं.
मी मोजे शोधायला गेलो.
हरवल्या-सापडल्याच्या पेटीत मिळाले, करड्या लोकरीचे,
एक जरा मोठा.
आम्ही दोघांनी मिळून घातले.
ती टाच नीट बसवत होती,
शाळेला निघालेल्या पोराची बसवतात तशी.

लोक म्हणतात, सुटला.
महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्यासाठी शब्द चांगला आहे.
पण ताट अर्धं टाकून, आलोच, म्हणत निघालेला
कशातून सुटला?
तो शब्द मी तोंडातच ठेवला.
देवाची इच्छा, हाही.
माझा देव त्या रात्री बहुधा माझ्यासारखाच
कॉफीचे दोन कप घेऊन कॉरिडॉरमध्ये उभा असायचा,
कुणाला द्यावेत ते न कळून.

वाबासीआजींना नातीजवळ सेजचा धूर करायचा होता,
त्यांच्या ओजिब्वे रीतीनं.
पहाटे चारला मी मेंटेनन्सच्या डेलबर्टला उठवलं,
तिसऱ्या मजल्यावरचा आगीचा भोंगा बंद करवला.
माझ्या हातून झालेली सेवा तेवढीच.
शिडीवर डेलबर्ट, खाली धूर,
आणि मला न कळणारी एक भाषा,
जी थांबूच नये असं वाटत होतं.

आणि ब्रुनेत्तीबाई.
हे मी बायकोलाही फार उशिरा सांगितलं.
दोन भाऊ, एकच ट्रक, सतरा नंबरचा हायवे.
कागदावर नावं खालीवर लिहिलेली.
मी चुकीचं वाचलं. एलिओ, म्हणालो.
त्या खाली बसल्या. तिथे खुर्ची नव्हती.
अर्ध्या मिनिटानं डॉक्टर आले,
एलिओ नाही, म्हणाले, सांद्रो.
आणि त्यांचा चेहरा उजळला.
क्षणभरच.
मग तो उजळल्याचं त्यांना कळलं,
आणि मग कळलं की मी पाहिलंय.

मला त्या काही बोलल्या नाहीत.
दर नाताळात कार्ड यायचं,
खाली त्यांची सही आणि एलिओची,
मध्ये एका सहीपुरती जागा.

आता ते फाटक काढून टाकलंय.
पैसे फोनवरून जातात.
परवा कोट दुरुस्तीला टाकला, तर शिंपीण म्हणाली,
अस्तरात काहीतरी वाजतंय.
खिसा कधीचा फाटलेला, नाणी आत घसरलेली.
काढू का, तिनं विचारलं.
राहू दे, म्हटलं.
भोक तेवढं शिव.