नऊ मिलिमीटर

कुमासीत, दुपारी दोनला, अन्साबेआ मॅडमनी
फळा पुसला, खडू खिशात टाकला.
"उंची मला नका विचारू. बाहेर जा, घेऊन या."

तिपाईचे पाय लाल मातीत रुतवले तरी
बुडबुडा मध्यावर यायला राजी नाही.
स्टाफ क्वाबेनाकडे, भिंगाशी अफिया,
वहीत आकडे मी.

निघालो तिथेच परतलो तेव्हा
जमीन नऊ मिलिमीटर वर आलेली.

"चुकलं कोण?"
मॅडम उकडलेल्या शेंगा सोलत बसलेल्या.
"जागा बदला. पुन्हा."

आता स्टाफ माझ्या हातात.
भाजकी केळी विकणारीनं हाक मारली,
मी वळलो,
माझ्याबरोबर स्टाफही जरासा.

क्वाबेनानं भिंगाला डोळा लावूनच विचारलं,
"तुलाही तिनंच हाक मारली?"