मागचा एक आणा

कॅम्पातल्या मैदानात तंबू लागायचा.
पडद्यापुढं चार आणे, मागं एक.
मी मागचा. आणि फुकट.
पडदा भिजवायचं काम माझ्याकडं:
दोन घागरी, एक पितळी पिचकारी,
रीळ संपलं की सपासप पाणी,
म्हणजे उजेड आरपार यायचा.

मागून सगळं उलटं.
मिरजेकडं निघालेली आगगाडी
आमच्या बाजूला लोंढ्याला जायची.
घोडेस्वार डाव्या हातानं पिस्तूल काढायचे.
इंग्रजी पाट्या पाठमोऱ्या;
सुलट्या असत्या तरी वाचणार कोण?

म्हणून तर तवनाप्पा इंचल.
अंगात कुण्या मेजरचा उतरलेला कोट,
हातात वेताची काठी, गालात तंबाखू.
बाई रडली की काठी वर:
"नवरा सोन्याच्या खाणीत गेलाय,
दोन वर्सं झाली, पत्तर न्हाई!"
मग त्याच दमात कन्नडातून तेच.
तेच म्हणजे अगदी तेच नव्हे,
कन्नडात तो नवरा पुढच्या आठवड्यात यायचा.
मला दोन्ही कळायचं,
मी आधी रडायचो, मग डोळे पुसायचो.

अमेरिकेतल्या सगळ्या बायका गंगव्वा.
दरोडेखोराचं नाव दर खेळाला वेगळं:
त्या आठवड्यात ज्यानं तवनाप्पाचे पैसे बुडवले त्याचं.

एकदा विचारलं, मामा, खरं काय बोलूलाती ती?
पिंक टाकून म्हणाला,
"तिकडं बी कुणीतरी 'रड' म्हटलं आसंल,
रडली. आणि काय."

पुढं विटांचं थेटर झालं.
पडद्यामागं पक्की भिंत,
पिचकारी आईनं तुळशीसाठी नेली.
चित्र बोलणार म्हणून गाव लोटलं.
तवनाप्पानं दोघांची तिकिटं काढली, पुढची.
काठी मांडीवर आडवी.

बाईनं तोंड उघडलं.
पेटीतून आवाज आला, जाड, घोगरा.
तो माझ्या कानाशी वाकला,
"गंगव्वाला पडसं झालंय रे."

मागून कुणी ओरडलं,
"तवनाप्पा, काय म्हणती, सांग की गा!"
दुसरा, "हेळो, मारायाऽ!"
तो अर्धा उठला. काठी वर गेली.
बाई बोलतच राहिली.
काठी किती वेळ तशीच होती, मी मोजलं नाही.
मागच्यांना दिसेना, ते 'खाली, खाली' करू लागले.

मी पडद्याकडं बघत होतो.
घोडेस्वारानं पिस्तूल काढलं,
उजव्या हातानं,
आणि मला वाटलं,
हा कुणीतरी दुसराच माणूस धरून आणलाय.