बहात्तर तास

गच्चीवर चार बोटं पाणी भरून ठेवलंय,
पन्हाळीचं तोंड गोणपाटाने आणि चिकणमातीने बुजवून.
फेब्रुवारी आहे, ढगाचा मागमूस नाही.
गोराईतल्या पाच मजली इमारतीच्या डोक्यावर
टँकरने आणलेलं तळं.
वॉचमन लोटन विचारतो, मासे सोडू का?

बहात्तर तास. आज दुसरा दिवस.
माझं काम एवढंच, दर सहा तासांनी
खालच्या घरांत जाऊन छताकडे बघायचं.
याचा पगार मिळतो म्हणून बायको हसते.

पाचशे तीनमध्ये शालन धुरी.
टेलिफोन खात्यातून निवृत्त,
आवाज अजून 'लाइनवर थांबा' म्हणणारा.
त्यांच्या छतावर एक डाग आहे,
दर पावसाळ्यात थोडा पुढे सरकलेला,
आणि दर वर्षी त्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ, शेजारी तारीख.
१४ जुलै २००३. ९ ऑगस्ट २००५.
एकात एक रेघा,
भूगोलाच्या पुस्तकात डोंगर दाखवतात तशा.
दोन हजार अकरापर्यंतचे आकडे तिरके, घाईचे.
पुढचे गोल, एकेक सुटा.
मी विचारलं नाही.
स्टूल तेच असावं.

चहा घेताना डोंगराचं निघालं.
एका वर्षी ठेकेदाराने मला स्पितीला नेलं होतं,
काझाजवळ एका डॉक्टरचं नवं घर,
त्याच्या पायऱ्यांना, ओट्याला सीलर मारायला.
पाऊस तिथे नावाला. भीती बर्फाची.
दिवसा वितळतं, भेगेत शिरतं, रात्री गोठतं,
शंभर वाट्यांच्या एकशे नऊ वाट्या होतात
आणि काँक्रीटला आतून कोपर मारतात.
काम फक्त अकरा ते तीन.
लादी तळहाताला कोमट लागेपर्यंत
डबा उघडायचाही नाही.
मी रंगासारखा जाड हात मारायला लागलो
तर अंगरूप नावाचा गवंडी ओरडला,
लिंपू नको रे, पाज त्याला.
तोंड बांधलंस तर आतली वाफ जाईल कुठे?
दुसऱ्या दिवशी त्याने पायरीवर तांब्या उपडा केला.
थेंब गोळा होऊन घरंगळले.
अळवावरचं पाणी, मी मराठीतच म्हणालो.
आपल्याकडे हे टिकत नाही त्याला म्हणतात.
त्या पायरीवर उलटं होतं.

पण इथे कुठे बर्फ आहे, धुरीबाई म्हणाल्या.
इथे मीठ आहे.
खाडीवरून येतं, कपड्यांच्या दोरीवर बसतं,
खिडकीचे गज खातं,
सळईपर्यंत पोचायला वीस-पंचवीस वर्षं घेतं.
त्याला कुठे गाडी पकडायची असते!
मग गंज फुगतो, स्लॅबला पोट सुटतं,
आणि एखाद्या रात्री जेवताना ढेकूळ खाली.

पडलं होतं, त्या म्हणाल्या.
बशी पुसत होत्या, आधीच कोरडी असलेली.
एकच ताट मांडत होते तेव्हा.
समोरच्या जागेवर पडलं.

तिसऱ्या दिवशी, दुपारी सव्वाचारला, मुदत संपली.
डागावर हात फिरवला, कोरडा.
हातोडीने ठोकलं. भद्द नाही, टण.
परत ठोकलं, उगाच,
माझ्या कानाला सवय नाही चांगल्या बातमीची.
वर लोटनने गोणपाट उपसलं
आणि तळं पाइपातून घोगऱ्या आवाजात उतरत गेलं
पाचही मजल्यांच्या भिंतींमागून.
न्हाणीघरात धुऊन निघाल्यासारखं वाटलं, असं पहिल्या मजल्यावरचे सांगत होते.

धुरीबाईंनी स्टूल ओढलं. मी धरलं.
कानामागची पेन्सिल काढून
त्यांनी आजची तारीख घातली.
रेघ कुठे काढावी ते कळेना,
डाग तेवढाच होता.
त्या वरच उभ्या राहिल्या, मान मागे टाकून,
जुन्या तिरक्या आकड्यांकडे बघत.

पुट्टीवाला दारात डबा घेऊन उभा.
मी त्याला म्हटलं,
आधी पाचशे चार करून घे.