तीन सेकंदांहून मोठी शांतता

तुझ्ला शहराखालून शंभर वर्षं मीठ उपसलं.
खाली पोकळी, म्हणून वर रस्ते खचले,
एक अख्खी गल्ली कलली.
डॉक्टर फेहिमा म्हणतात, इथे जखमेवर चोळायला
मीठ बाहेरून आणावं लागत नाही.
मग स्वतःच हसतात,
आणि टेप माझ्यापुढे सरकवतात.

माझं काम लिहून काढण्याचं.
माणूस बोलतो ते, जसंच्या तसं.
तीन सेकंदांहून मोठी शांतता
चौकोनी कंसात नोंदवायची, असा नियम.

क्रमांक एक्केचाळीस. नाव लिहायचं नाही.
जिन्यावर भेटतो तेव्हा मात्र तो रसिम असतो,
बसचा निवृत्त ड्रायव्हर, टोपी हातात घेऊन चढणारा.
त्याला तोफांची भीती नाही.
प्लास्टिकची आहे.
काचा फुटल्यावर चार हिवाळे खिडकीला ठोकलेलं
ते दुधी प्लास्टिक, वाऱ्यात फडफडणारं.
अजूनही भाजीवालीनं पिशवी झटकली
की हा भर बाजारात मटकन खाली बसतो.

"डोळे मिटा," फेहिमा म्हणतात, "आणि भूतकाळ नको.
आत्ता घडतंय असं सांगा."
मी खिडकीपाशी आहे. प्लास्टिक फडफडतंय.
मुनिरा पाणी आणायला खाली जातेय.
[अकरा सेकंद]
प्लास्टिक फडफडतंय.
[चाळीस सेकंद]
"भीती किती? शंभरापैकी?"
"पंच्याण्णव."

सकाळी त्या पंच्याण्णव ऐकतात,
दुपारी पंच्याण्णव तक्त्यात भरतात.
सकाळच्या बाई आणि दुपारच्या बाई
एकमेकींशी फारशा बोलत नसाव्यात, असं मला वाटायचं.
एकदा विचारलं, तुमच्या खिडकीलाही होतं?
"नऊ वर्षांची होते. वाफ धरली की
आम्ही त्यावर बोटांनी मांजरं काढायचो,"
म्हणाल्या, आणि खोडरबर शोधू लागल्या.

ब्याण्णव. चौऱ्याऐंशी. मग पुन्हा नव्वद.
आठव्या टेपवर तेच घर, तीच खिडकी,
आणि कुणी न सांगता:
"मुनिरा पाणी आणायला खाली गेली होती.
निळा डबा होता. झाकण हरवलेला."

होती. होता.
मी टेप मागे नेली. पुन्हा ऐकली.
नियम मोडून आत गेले, सांगितलं.
फेहिमांनी तक्ता आडवा पाहिला, उभा पाहिला.
भीती अठ्ठ्याऐंशी. झोप चार तास.
व्याकरणाला रकाना नव्हता.
"यानं काही सिद्ध होत नाही," त्या म्हणाल्या,
आणि समासात शिसपेन्सिलीनं लिहिलं: निळा डबा.

नवव्या बैठकीला तो आलाच नाही.
आलुबुखार पिकले होते, गावी तोडणी होती.
अशांना अहवालात गळती म्हणतात.

ऑक्टोबरात दाराशी एक बरणी सापडली,
काळपट, घट्ट मुरंबा,
तोंडाला प्लास्टिक,
दोऱ्यानं ताणून बांधलेलं.

फेहिमा ती हातात धरून उभ्या राहिल्या.
मी घड्याळ पाहिलं नाही.