यू. के. कूलर वर्क्स

मार्च लागला की सक्करदऱ्याच्या आमच्या गाळ्यात
पत्र्यावर हातोडा सुरू होतो,
वाळ्याच्या ताट्या भिंतीला टेकतात
आणि गल्लीभर ओला वास.
यंदा मी त्या ठोकाठोकीत नाव शोधत बसले.
इंटरनेटवर दुकान मांडायचं तर
आधी पत्ता लागतो, आणि तिथे पत्ता म्हणजेच नाव.

पहिल्यांदा टाकलं शीतल. गेलेलं.
हिमगिरी, हिमकण, हिमशिखर, सगळा बर्फ
कुणीतरी आधीच उचलून नेलेला.
वाळा रिकामं होतं,
पण ळ ला इंग्रजीत घरच नाही;
लिहिलं की वाला होतं,
भंगारवाला, पाववाला, नुसताच वाला.
मध्ये आडवी रेघ देऊन पुढे नागपूर जोडलं,
तर नेवारे पेंटर म्हणाले,
"रेघ कोणाले ऐकू येते, ताई?"
चाळीस वर्षं पाट्या रंगवलेला माणूस.
"चालत्या स्कूटरवरून वाचता आलं पायजे,
अन् मागं बसलेल्या बायकोले सांगता आलं पायजे.
तितकंच ठेवा."

म्हणून मी चाचणी ठेवली.
चार फुटी कूलर पूर्ण वेगात सोडायचा,
त्याच्यासमोर उभं राहून उमरेडच्या मावशीला फोन,
नाव एकदाच सांगायचं,
ती लिहील ते खरं.
कूलक्राफ्टचं तिनं कुलकर्णी केलं.
एअरोब्रीझला म्हणाली,
आरोग्य बरं आहे ना बाई तुझं?

यू. के. तर बाबांचंच, पाटीवर त्र्याऐंशीपासून.
पण कुठल्या दूरच्या माणसानं त्याची एवढी किंमत लावली होती
की आमचे दोन उन्हाळे त्यातच गेले असते.
गिऱ्हाईक विचारायचं, काका, यू. के. म्हणजे लंडन का?
बाबा नुसते हसायचे,
हो नाही, नाही नाही.
खरं ते घरात माहीत, आणि रेशनकार्डावर:
उकंडा.
त्यांच्या आधीची तीन गेली.
चौथ्याला आजीनं जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं,
शेजारणीनं उचलून आणून पसाभर कोंड्याला परत विकलं,
आणि नाव असं ठेवलं
की मरण दारात आलं तरी नाक मुरडून पुढच्या घरी जावं.
शाळेत हजेरीला ते मान खाली घालून उठत.
लग्नपत्रिकेत त्यांनी स्वतःच
पहिल्यांदा यू. के. छापून घेतलं.

रात्री अकराला, सगळी गार नावं संपल्यावर,
मी ती सहा इंग्रजी अक्षरं टाकली.
हिरवी खूण आली.
अख्ख्या जगात कुणालाच नको होतं ते.
कूलर सोडला, मावशीला उठवलं, एकदाच सांगितलं.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग: "लिहिलं. पण भाऊजीले विचारलं का तू?"

सकाळी विचारलं.
बाबा पंप उघडून बसले होते,
हात क्षारानं पांढरे.
किती पडतात, म्हणाले. दरसाल इतके, मी म्हटलं.
"अन् भरायचं विसरलो तं?"
तर दुसरा कुणी घेतो, बाबा.
त्यांनी पाना खाली ठेवला,
आणि त्या नावावर त्यांना हसताना
मी पहिल्यांदा पाहिलं.
"उकंडा? घेऊन तं दाखवावा बाप्पा कोणी."

नेवारे पेंटर अक्षरामागे पैसे घेतात.
टिंबाचे घेत नाहीत.
शिडीवरून विचारलं त्यांनी, यू. के. पुसू का?
राहू द्या, बाबा म्हणाले,
खाली जागा आहे.