पेरावर डोळा

बाटलीत साखर घालावी लागते.
लिटरला तीस ग्रॅम, मोजून.
साखरेला लाजवणाऱ्या या रोपाला
तान्हेपणी उसाचीच साखर लागते,
हे झुनिल्दाला पहिल्यांदा कळलं तेव्हा
ती मास्कमधून फसकन हसली,
आणि त्या आठवड्यात नऊ बाटल्या बुरशीने गेल्या.
आता टेबलाशी कुणी हसत नाही.

स्पिरिट. ज्योत. चिमटा निवेपर्यंत थांबणं.
पेर कापायचं, डोळा वर राहील असं रोवायचं.
बियांचा भरवसा नाही;
फोल निघतात, नाहीतर भलत्याच चवीची रोपं देतात.
म्हणून एकीच्या चार, चारींच्या सोळा,
ट्यूबलाइटखाली, सोळा तासांच्या दिवसात.

काल न्या देओलिंदा आल्या, आमाम्बाईहून,
रात्रभराच्या बसने.
तीन वर्षांपूर्वी दुधाच्या पावडरीच्या डब्यात
ओढ्याकाठचं मूळ रोप त्यांनीच आणलं होतं.
ओढ्याकाठी आता सोयाबीन आहे, म्हणाल्या,
थेट पाण्यापर्यंत.
मग फळ्यांवर नजर फिरवत:
"यातली आई कुठली?"

आई जुलैच्या गारठ्यात गेली.
हीटर बंद पडला होता, रविवार होता.
मी म्हटलं, "सगळ्या तीच आहेत."
त्यांनी काचेवर बोट टेकवलं.
"इतक्या उभ्या आहेत," म्हणाल्या,
"एकही हलत नाही."

बाहेर शेडमध्ये नेलं त्यांना.
कोमट पाण्याने मुळांची अगार धुवून
पोरींना मातीत बसवतो ती जागा.
पहिले दिवस माना टाकतात.
बाटलीत कधी तहान लागली नाही,
पानांना तोंडं मिटायची सवय नसते,
मग प्लास्टिक पांघरायचं,
रोज बोटभर उघडायचं.

त्यांनी एक पान खुडलं, चावलं,
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग "काआ हेएं", इतकंच.
चव सांगितल्यासारखं नाही;
परगावी वाढलेल्या नातीला
घरच्या नावाने हाक मारून बघावी, तसं.

डबा तोच आणला होता, गंजलेला.
तांबड्या मातीत एक रोप लावून दिलं.
ओढा नाही, मग लावणार कुठे,
हे मी विचारलं नाही.
बसचं इंजिन सुरू झालं
आणि त्यांच्या मांडीवरची सहा पानं
थरथरायला लागली.

आज झुनिल्दा ट्रे मोजतेय.
एक कमी भरतं, म्हणते, परत मोजते.
मी काट्यावर साखर घेतेय.
अठ्ठावीस. एकोणतीस.