देवाचा डबा

भात शिजवायच्या आधी
आई एक मूठ तांदूळ काढून
चुलीशेजारच्या निळ्या डब्यात टाकायची.
दोन्ही वेळा, रोज.
ताप असो, भांडण असो, अकरा पाहुणे असोत,
एक मूठ आधी देवाची,
मग आमची.

चम्फायमध्ये घरोघरी असा डबा असतो.
मंडळीच्या बाया येतात, पोत्यात ओततात,
त्यातूनच म्हणे पाळकांची पोटं भरली,
पलीकडच्या डोंगरांवर शाळा उभ्या राहिल्या.
लहानपणी मला वाटायचं,
देव फार जेवतो.

आता आई नाही. मार्चमध्ये दोन वर्षं होतील.
भात मी लावतो,
आणि माझी मूठ तिच्या मुठीपेक्षा मोठी आहे,
म्हणून डबा गुरुवारीच भरतो.
याला कुणी भक्ती म्हणू नये.
हा नुसता पंजाचा आकार आहे.

दिवसभर मी झुआलांच्या दुकानात तारे विकतो.
कागदाचा एकशे वीस,
प्लॅस्टिकचा, आत दिवा, दोनशे ऐंशी,
बॅटरी वेगळी.
गिऱ्हाईक म्हणतं, मागच्या वर्षीचा आठ दिवसांत विझला.
मी म्हणतो, मागींचाही कायमचा नव्हता,
गव्हाणीपर्यंत टिकला, तेवढं पुरे.
झुआला हसत नाहीत.
ते मंडळीच्या पंचांपैकी.

सांगायचं राहतंय ते हे :
ऑक्टोबरात दरड कोसळली, रस्ता नऊ दिवस बंद,
दुकान बंद, बाबांचा पगार ऐझॉलमध्ये अडकलेला.
एका रात्री पातेल्यात तांदूळ कमी पडला
आणि मी निळ्या डब्याचं झाकण उघडलं.
तीन मुठी.
माझ्या मापाच्या.
रेमी, माझी धाकटी, दारात उभी होती. म्हणाली, अरे, तो तर...
मी म्हणालो, जेव.
भात रोजच्यासारखाच लागला.
तेच मला सोसलं नाही.

रविवारी पी बियाकी आल्या,
डबा उचलला, हातातल्या हातात तोलला.
वीस वर्षं डबे उचलणाऱ्या बाईला तराजू लागत नाही.
म्हणाल्या, थंडी लवकर पडली यंदा.
एवढंच.
झाकली मूठ म्हणतात ती हीच असावी,
फक्त ती माझी नव्हती,
त्यांची होती.

चोवीसच्या रात्री आम्ही पोरं
हॉलमागे शेकोट्या पेटवून डुकराचं मांस तोडत होतो.
कोयते, धूर, तेच ते शिळे विनोद.
आत ढोल, आणि म्हाताऱ्यांचं ते गाणं
जे पहाटेपर्यंत संपायचं नाव घेत नाही.
शेजारी चुंगलियान, तियाऊ नदी ओलांडून आलेला.
त्याच्या गावचं देऊळ आता नाही, एवढंच तो सांगतो,
आणि कोयता माझ्यापेक्षा बारीक चालवतो.
मध्येच त्याने विचारलं,
उद्याच्या पंगतीला नाव नोंदवावं लागतं का?
मी म्हणालो, नाही रे.
बसावं लागतं.

दुपारी पंगत बसली, एका परातीभोवती सहा जण.
वाढायला पी बियाकी.
वाढून पुढे गेल्या, काय आठवलं कोण जाणे,
वळल्या, आणि पळी बाजूला ठेवून
हातानेच माझ्यापुढे भात घातला. परत घातला.
मला वाटलं, आता तिसरी.
तिसरी मूठ चुंगलियानला गेली.

त्या रात्री कुणालाच भूक नव्हती.
चूल पेटली नाही,
म्हणजे डब्याचाही प्रश्न नव्हता.
तरी रेमी उठली,
पोत्यात हात घातला, अंधारातच झाकण काढलं,
खिडकीतल्या ताऱ्याचा लाल उजेड तिच्या बोटांवर आला,
आणि मला दिसलं,
तिची मूठ आता
आईच्या मुठीएवढी झाली आहे.

थंडी वाढली, मी म्हणालो.
झाकण नीट लाव.